लाल ट्रॅक आणि एक जून

तारखा पुढे ढकलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. हे वाक्य मी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, कुठंही ऐकवतो. बायको सोबत असली की लगेच विचारते, "आणि त्या माणसांत तुमचा नंबर कितवा?"

पहिला. म्हणून तर तो राग जात नाही. दुसऱ्यावरचा राग चार दिवसांत निवतो. स्वतःवरचा रोज सकाळी दाढी करताना आरशात समोर उभा असतो, गालाला साबण लावून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नाशिक रोडला एका शाळेत शिक्षक होतो आणि जिल्ह्यात मैदानी स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचा मानद सहसचिव. मानद म्हणजे चहा स्वतःच्या खर्चाने, आणि सहसचिव म्हणजे सचिवाला पडणाऱ्या शिव्या आधी आपण झेलायच्या. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेणं, छातीवर लावायचे कापडी नंबर धुऊन इस्त्री करणं, पत्रं टाइप करणं ही माझी कामं. याखेरीज मी स्वतःला प्रशिक्षक समजत असे. तसं समजायला परवाना लागत नाही.

माझ्याकडे धावायला येणाऱ्यांत एक मुलगी होती, हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. मध्ये एक वर्ष शाळा बुडून अकरावीला नाशिकात शिकायला आली होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहायची. आमची ओळख जुनी. नोकरीच्या सुरुवातीला मी तिच्या पाड्यावरच्या शाळेत गुरुजी होतो, तिला पहिलीत मीच घातलं होतं. त्यामुळे मैदानावर बाकीची पोरं मला 'सर' म्हणायची आणि ती 'गुरुजी'.

ती तीन हजार मीटर धावायची. साडेसात फेऱ्या. पहिल्या दिवशी मी ऐटीत स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो आणि ते सुरू करायलाच विसरलो. ती शेवटची अर्धी फेरी संपवून समोर आली तेव्हा दचकून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि घड्याळात दिसलं ते जोरात वाचून दाखवलं, "चार सेकंद!"

ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली, "एवढ्यात मी नुसती नाडी बांधते, गुरुजी."

पण घड्याळ नीट चालू केल्यावर जे दिसलं, त्याने माझीच झोप उडाली. मुलगी राज्यात पहिली येण्यासारखी होती. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर तिला क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळणार होती. तिथे राहायची सोय, शिक्षण, नीट खाणं, आणि मुख्य म्हणजे खरा प्रशिक्षक. पण ही निवड व्हायची फक्त अठरा वर्षांखालच्या गटातून, आणि त्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. हुकलं, तर पुढंही प्रशिक्षक मीच. मी तिला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "मग तर जिंकायलाच पायजे."

त्या वर्षी आपल्या देशात एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. उत्तरेतल्या एका शहरात त्यासाठी स्टेडियम नव्यानं सजवत होते. स्पर्धा फेब्रुवारीत ठरली होती. काम पुरं झालं नाही, म्हणून ती एप्रिलअखेरीला नेली. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. 'खेळाडूंना सरावाला अधिक वेळ मिळेल' असं कुणी पदाधिकारी त्यात म्हणाले होते. कुठल्या खेळाडूंना ते नव्हतं सांगितलं.

मोठ्या माणसांची रांग पुढून सरकते तेव्हा शेवटचा माणूस गटारात जातो. आमची राष्ट्रीय स्पर्धा मेच्या मध्याला त्याच स्टेडियममध्ये होती. ती लोंबकळली. म्हणून राज्य स्पर्धा एप्रिलवरून मेच्या अखेरीला गेली, आणि जिल्हा स्पर्धा मार्चवरून एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये आमच्या मैदानावर सर्कसचा तंबू. मी ओझरच्या बाजूचं एक मैदान मिळवलं, तर तिथे कबड्डीचे सामने ठरलेले. माझ्या विनवण्यांवरून कबड्डीवाले खो-खोच्या मैदानावर गेले आणि खो-खोवाले एका मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत, जिथे वरात आली की खेळ थांबवायचे. खो-खोचे सचिव आजही मला पाहिल्यावर रस्ता ओलांडतात.

एवढ्यावर भागलं नाही. राज्यातले चांगले पंच आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या कामाला बोलावले गेले आणि शर्यत सोडायचं पिस्तूल त्यांच्याबरोबर गेलं. आमच्या जिल्हा स्पर्धेत मी दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून शर्यती सोडल्या. एकदा फळ्यांमध्ये माझंच बोट सापडलं. मी किंचाळलो आणि पोरं सुटली. 'सुटणे योग्य' असा निर्णय पंचांनी दिला. चारशे मीटर संपेपर्यंत मी बोट तोंडात धरून उभा होतो.

आणि ही मुलगी त्याच दिवशी सकाळी अकरावीच्या वार्षिक परीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर देऊन आली होती. दुपारी दोन वाजता, एप्रिलच्या उन्हात तीन हजार मीटर. पहिली आली. घसा कोरडा, हातावर शाईचा डाग. मी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"पेपरात शेवटचा प्रश्न राहिला. इथं काय नाय राहिलं."

आता माझा पराक्रम. तो घडला त्याआधी, मार्चमध्ये.

राज्य संघटनेनं सगळ्या जिल्ह्यांना बैठकीला बोलावलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेचं काय करायचं, यावर राज्यांचं मत मागवलं होतं. दोन पर्याय होते. एक, ठरलेल्या दिवशीच, मेच्या मध्याला, एका लहान गावातल्या मातीच्या मैदानावर स्पर्धा घ्यायची. दोन, मोठी स्पर्धा संपून, आवराआवर होऊन स्टेडियम मोकळं होईपर्यंत थांबायचं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या लाल सिंथेटिक ट्रॅकवर घ्यायची.

आमच्या सचिवांना बरं नव्हतं, म्हणून मी गेलो होतो. नवा शर्ट घालून. मी तोवर लाल ट्रॅक फक्त टीव्हीवर पाहिलेला. मला तो बघायचा होता. हात लावायचा होता. शक्य झालं तर कुणी नसताना पायातल्या चपला काढून त्यावरून शंभर पावलं चालायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात. खेळाडूंचं हित वगैरे काही नव्हतं.

पण माणूस बैठकीत उभा राहिला की त्याच्या तोंडून हितच बाहेर पडतं. मी पाच मिनिटं बोललो. आमची मुलं काळ्या मातीत, खड्ड्यांत, चुन्याच्या रेघांवर धावतात, त्यांनी आयुष्यात एकदा तरी लाल ट्रॅकवर पाय ठेवू नये का, महिनाभराच्या उशिराने असं काय बिघडणार आहे, असं सगळं. 'असं काय बिघडणार आहे' हे दोनदा म्हणालो. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "नाशिकचा मुद्दा बरोबर आहे." मग जूनसाठी हात वर करायला सांगितलं. मी सगळ्यात आधी केला, आणि सगळ्यात शेवटी खाली घेतला. बाकीच्या राज्यांनीही जूनच मागितला असेल, एका नाशिकने काही फरक पडला नसेल, असं मी स्वतःला सांगत असतो. सांगायला काय जातं.

मेच्या सुरुवातीला राज्य स्पर्धेचे प्रवेश अर्ज भरायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला गर्व आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावरून जन्मतारीख उतरवली. एक जून. शेजारी छापील सूचना होती: राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली नसावीत. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मेच्या मध्याला स्पर्धा झाली असती तर ती सतरा वर्षांची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अठरा आणि वर दहा-अकरा दिवस.

राज्य स्पर्धा मेअखेर होती म्हणून तिथं ती चालणार होती. राष्ट्रीयला नाही.

आणि ती एक जून ही तारीख कुणी लिहिली होती? चांगल्या अक्षरात?

सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळा उघडायच्या आधी मी पाड्यावर घरोघर फिरत होतो. पट भरला नाही तर शाळा बंद, शाळा बंद तर माझी बदली आणखी आत. हरसूलच्या बाजारात हिचा बाप भेटला. हातात दोन कोंबड्या उलट्या धरून उभा होता.

मी विचारलं, "पोरगी केव्हा झाली?"

तो म्हणाला, "भात झोडत हुतो तवा."

"तारीख सांगा ना."

"आता भाताला तारीख असती का, गुरुजी?"

भात झोडतात दिवाळीच्या आसपास, कधी त्याहीनंतर. मला ते ठाऊक होतं. पण त्या हिशेबाने मुलगी पाच-सहा महिन्यांनी लहान पडत होती आणि पहिलीत बसत नव्हती. मग मी तेच केलं जे तालुक्यातले सगळे गुरुजी करत. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. आणि वय बसेल असं साल. त्या वर्षीच्या पटाच्या पानावर दोन मुलं सोडली तर सगळी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. खरंच तशी बाळंतपणं झाली असती तर पाड्यावरची सुईण वेडी होऊन डोंगरात पळाली असती. ती दोन मुलंही वाचली ती त्यांचा बाप शाळेचा शिपाई होता म्हणून. त्याच्याकडे दवाखान्याचा कागद होता.

वर बसलेल्यांनी महिन्याभराने तारीख हलवली आणि खाली मी सहा महिन्यांनी. दोन्हींच्या मध्ये ती पोरगी.

मी धावाधाव सुरू केली. तिला काही सांगितलं नाही. 'उगाच टेन्शन नको' असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण, तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती.

ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडली नाही. पाड्यावर जन्मलेल्या मुलांची नोंद करायला कोण उतरून येणार होतं? मग शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेलो. तिथले लिपिक चष्मा कपाळावर चढवून माझं बोलणं ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तारीख खोटी आहे म्हणता."

"हो."

"कशावरून?"

"मीच लिहिली ना."

त्यांनी चष्मा खाली ओढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं कित्येक वर्षं शोधत असलेला माणूस सापडावा.

"गुरुजी, माझीसुद्धा एक जून. पलीकडे केबिनमध्ये साहेब आहेत, त्यांची एक जून. तो शिपाई दिसतो ना बाकावर? एक जून. एकतीस मेला आमच्याकडे निवृत्तीचे इतके निरोप समारंभ असतात की हारवाला आदल्या दिवशी विचारून जातो. माझी आई सांगायची, मी थंडीत झालो. म्हणजे ह्या महिन्याच्या शेवटी मी घरी जाणार, माझे सहा महिने शिल्लक असताना. कुणामुळे?"

"मी नव्हतो तुमचा गुरुजी."

"तुमच्यासारखाच कुणीतरी. अक्षर मात्र सुंदर होतं हो त्याचं."

 शेवटी तेच जरा निवळले. म्हणाले, "शाळा सोडल्यावर रजिस्टरला हात लावता येत नाही. कोर्टात जा. वर्ष-दीड वर्ष लागेल."

"माझ्याकडे पाच आठवडे आहेत."

"मग स्पर्धा पुढे ढकला," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. त्या माणसाला मारावंसं वाटलं. पण एकतीस मेला घरी जाणाऱ्या माणसाला काय मारणार?

घरी येऊन मी टंकलेखन यंत्र पुढ्यात ओढलं आणि कबुलीजबाब लिहिला. मी अमुक अमुक, प्राथमिक शिक्षक, शपथेवर लिहून देतो की सदर मुलीची जन्मतारीख मी मनाने लिहिली, तिचा जन्म भातझोडणीच्या वेळचा आहे, चूक माझी आहे, शिक्षा मला करावी. बायकोनं वाचलं आणि विचारलं, "आणि खरंच केली शिक्षा तर? नोकरीचं काय?" मी म्हणालो, बघू. शूर वगैरे नव्हतो, मला घाम फुटला होता. तरी रजिस्टर पोस्टानं पत्र धाडलं. राज्य संघटनेला एक, राष्ट्रीय संघटनेला एक.

उत्तर आलं. माझ्या नोकरीविषयी अक्षर नव्हतं, मुलीविषयीही नव्हतं. एका ओळीत लिहिलं होतं की तांत्रिक समितीचे सर्व सदस्य नुकत्याच झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे हिशेब व अहवाल यांच्या कामात व्यग्र असल्याने वयाच्या तक्रारींवरची बैठक जूनच्या अखेरीस होईल.

जूनच्या अखेरीस! राष्ट्रीय स्पर्धा संपून दोन आठवडे झाल्यावर! म्हणजे ज्या स्पर्धेमुळे पोरगी बाहेर फेकली गेली, तीच स्पर्धा तिची तक्रार ऐकायच्याही आड आली. मी ते पत्र स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचलं, मग गच्चीत जाऊन वाचलं. शेजारच्यांना वाटलं कुणीतरी गेलं. आजही ते पत्र आठवलं की माझ्या कानशिलावरची शीर उडते. माणसं वाईट असती तर एक वेळ समजलं असतं. ती फक्त कामात होती. सगळी कामात होती! आणि ते काम कशाचं, तर खेळाला प्रोत्साहन देण्याचं.

मेअखेर राज्य स्पर्धा झाली. ती पहिली आली, दुसरीला जवळजवळ अर्धी सरळ रेघ, म्हणजे पन्नासेक मीटर, मागे टाकून. तिचा बाप मुद्दाम आला होता, त्यानं पेढे वाटले. मी दोन खाल्ले आणि तिसऱ्याला हात पुढे केला तेव्हा मला रडू आलं. लोकांना वाटलं आनंदाने.

तिथंच एका झाडाखाली बापलेकीला बसवून मी तारखेचं सांगितलं. पटाच्या पानाचं, पाच-सहा महिन्यांचं, पत्राचं. मार्चमधल्या बैठकीचं मात्र सांगितलं नाही. भाषण, टाळ्या, हात, काहीच नाही.

मला वाटलं पोरगी कोसळेल. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी भात झोडताना झाली हे त्यांना पटवायचं, एवढंच ना?"

"हो."

"मग बापाला घेऊन जाऊ. त्याला ठाऊक हाय."

इतकी साधी गोष्ट होती तिच्या दृष्टीने. राज्य संघटनेचे एक गृहस्थही म्हणाले, तिथं जाऊन नोंदणीच्या टेबलावर प्रयत्न करा, कधी कधी ऐकतात. मला तेवढा धागा पुरला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिक रोड स्टेशनवरून आम्ही तिघं निघालो. बापानं कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि एका फडक्यात भाताच्या लोंब्यांची जुडी बांधून घेतली होती. मी विचारलं, "हे कशाला?"

"इचारलं तर दाखवायला."

त्या शहरातलं स्टेडियम मी कधी विसरणार नाही. मोठी स्पर्धा होऊन गेली होती, पण कमानी अजून तशाच उभ्या होत्या आणि पताका उन्हानं विटल्या होत्या. नोंदणीचं टेबल गॅलरीखालच्या सावलीत. पांढरी टोपी घातलेले एक अधिकारी बसले होते. त्यांनी तिचा दाखला पाहिला, तक्त्यावर बोट फिरवलं आणि कागद परत सरकवला. हिंदीत म्हणाले, "ओव्हरएज. ग्यारह दिन."

मी माझा कबुलीजबाब पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "आप ने गलत लिखा?"

"जी."

"तो अब सही लिख रहे हैं, ये कैसे मानें?"

मी कबुलीजबाबाची पुन्हा घडी घातली. 

मग बाप पुढे झाला. त्यानं फडकं सोडलं, लोंब्या टेबलावर ठेवल्या आणि मराठीतच सांगितलं, "साहेब, ही भात झोडताना झाली. मी खळ्यात हुतो. निरोप आला तवा हातात पेंढी हुती."

मी भाषांतर केलं. अधिकारी म्हणाले, "लेकिन कागज पे जून है।"

बाप माझ्याकडे वळला. "काय म्हनतो?"

"कागदावर जून आहे म्हणतात."

"जूनमध्ये?" तो अधिकाऱ्याकडे बघून म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "जूनमध्ये भात कुठं असतंय? जूनमध्ये तर आमी राब भाजून पेरनीची वाट बघतो! इचार कुनालाबी! जूनमध्ये झोडायला काय ठेवलंय, दगड?"

मी हे भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. आमच्या मागे रांगेत उभी असलेली मुलं हसली. अधिकाऱ्यांनी एक लोंबी उचलून पाहिली, बोटांनी चोळली, दाणा काढला. क्षणभर मला वाटलं, ह्यांच्याही घरी शेती असेल. मग त्यांनी तो दाणा लोंब्यांवरच टाकला आणि म्हणाले, "बाबा, मैं क्या करूँ? पिछले महीने होता तो लड़की दौड़ती. तारीख मैंने थोड़े ही बदली, राज्यों ने ही जून माँगा था."

हे त्यांनी सहज म्हटलं. पण ती हुशार पोरगी. तिनं ते पकडलं. टेबलापासून बाजूला आल्यावर मला विचारलं, "गुरुजी, आपल्या राज्यानं काय सांगितलं हुतं? मे का जून?"

"जून."

"कोन बोललं तसं?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. मी आयुष्यभर सोप्या तारखा लिहीत आलो होतो. पण तिचा बाप तिथंच खाली बसून एकेक लोंबी फडक्यात परत ठेवत होता, दाणे सांडू नयेत म्हणून हळूहळू, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी. मी उभा राहून भाषण केलं. हात वर केला."

"का?"

"मला लाल ट्रॅक बघायचा होता."

 गॅलरीच्या खांबांमधून मैदान दिसत होतं. लाल, ओलं, नुकतंच पाणी मारलेलं. कुठली तरी मुलगी तिथे वॉर्मअप करत होती. माझ्या मुलीनं, म्हणजे या मुलीनं, त्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बघितला ना?" ती म्हणाली. "चला मग."

मी म्हणालो, उद्या सकाळी तुझी शर्यत आहे, ती तरी बघून जाऊ. किती वेळ लागतो ते मी घड्याळात बघतो, म्हणजे पुढच्या वर्षी मोठ्या गटात...

"माझी नाय ती. त्यांची हाय." मग आवाज जराही न चढवता म्हणाली, "आन् तुमच्या घड्याळानं तर बघूच नका."

बाप मध्ये पडला. "गुरुजींना असं बोलू नये," तो म्हणाला. मला त्याचं ते म्हणणं तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं मला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तशी वाट बघत होतो. तिनं नुसती पिशवी खांद्यावर टाकली आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. बाप फडक्याची गाठ मारत मागे निघाला.

आमची परतीची तिकिटं तीन दिवसांनंतरची होती, स्पर्धा संपण्याच्या दिवसाची. मी ती पदकासकट परतायच्या हिशेबाने काढली होती. स्टेशनवर ते दोघं बाकावर बसले आणि मी आरक्षणाच्या खिडकीपुढं रांगेत उभा राहिलो. दोन तास उभा होतो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने न बघताच विचारलं, काय पाहिजे.

मी म्हणालो, तारीख अलीकडची करून द्या.

"नहीं होगा," तो म्हणाला. "सब फुल है।" आणि माझ्या मागच्याला हाक मारली. मी वळून बाकाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, झालं का म्हणून. मी मान हलवली. तिनं पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढलं, बापाला अर्धी दिली, स्वतः अर्धी घेतली, आणि जरा थांबून तिसरी भाकरी काढून बाकाच्या टोकाला ठेवली. मला हाक मारली नाही. मी जाऊन बसलो आणि खाल्ली.